नोटा परत घेताना बँकेचं काय होतं? १९४६, १९७८, २०१६

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून देतोय. बोलण्याच्या ओघातले काही ‘तर’ आणि ‘म्हणजे’ काढून टाकलेत. सगळे काढले नाहीत, कारण मग तो मी वाटणार नाही.

एका श्रोत्यांनी विचारलं होतं, ‘नोटबंदीनं काळा पैसा गेला की नाही यावर बोलून सगळे दमले. पण बँकांचं काय झालं? त्यांचं काम सुधारलं की बिघडलं?’ प्रश्न मला आवडला. कारण नोटबंदीच्या गोष्टीत बँक नेहमी पार्श्वभूमीला असते. पुढे रांग असते, भाषण असतं, आरोप असतात. आणि काचेच्या मागे बसून नोटा मोजणारा माणूस कुणाच्याच लेखी नसतो.

आधी एक साधी गोष्ट नक्की करून घेऊ. बँकेची कार्यक्षमता म्हणजे काय? अभ्यासक यासाठी अवघड गणितं मांडतात, पण मुद्दा सोपा आहे. इतकी माणसं, इतक्या शाखा, इतका खर्च. एवढ्या बळावर बँकेनं ठेवी किती गोळा केल्या, त्यातून चांगली, म्हणजे परत येणारी, कर्जं किती दिली आणि शेवटी हातात काय उरलं? या हिशोबात तिजोरीतली रोकड हा मेलेला पैसा असतो. ठेवीदाराला बँक व्याज देते, पण तिजोरीत पडलेली नोट बँकेला एक पैसाही मिळवून देत नाही. म्हणून प्रत्येक शाखेला रोख रक्कम किती ठेवायची याची मर्यादा ठरवून दिलेली असते. जास्तीची रोकड करन्सी चेस्टमध्ये, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या वतीनं नोटा सांभाळणाऱ्या मोठ्या तिजोरीत, पाठवून द्यायची. चांगला शाखा व्यवस्थापक रोकड कमीत कमी ठेवतो आणि तरी कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवत नाही. ही कसरत त्याला रोज करावी लागते.

आता या कसरतीच्या मधोमध कुणीतरी येऊन सांगितलं, की आज मध्यरात्रीपासून तुमच्याकडच्या बहुतेक नोटा कागद आहेत, तर?

१९४६ : देशमुखांच्या काळातली नोटबंदी

१२ जानेवारी १९४६, शनिवार. महायुद्ध संपून काही महिने झाले होते. युद्धकाळात सरकारी खर्च वाढला, नोटा वाढल्या, महागाई वाढली आणि काळ्या बाजारात काही लोकांनी प्रचंड पैसा केला. या लोकांकडे तो मोठ्या नोटांत आहे असा सरकारचा समज. म्हणून वटहुकूम निघाला आणि ५००, १००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या.

त्या वेळी रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख, म्हणजे आपले सी. डी. देशमुख. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, आयसीएस झालेले, आणि १९४३ मध्ये या पदावर बसलेले पहिले भारतीय. ते या कल्पनेबद्दल फारसे उत्साही नव्हते, हे रिझर्व्ह बँकेच्या अधिकृत इतिहासातच नोंदलंय. पण ठरवलं दिल्लीनं, आणि राबवायचं बँकेनं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे दोनदा उपयोगी पडणार आहे.

त्या दिवशी एक दुसरा वटहुकूमही निघाला होता, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीनं मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बँकांनी आपल्याकडे १०० रुपये आणि त्यावरच्या नोटा किती आहेत, याचं विवरण ताबडतोब द्यायचं. का? कारण सरकारला भीती होती, की बँकेतलेच लोक मागच्या तारखेनं ओळखीच्यांच्या नोटा तिजोरीत सरकवतील. म्हणजे ज्या बँकेला राबवायचं काम दिलं, तिच्यावरच पहिला संशय. यात तथ्य नव्हतं असं मी म्हणत नाही. पण या संशयाचा खर्च बँकेलाच सोसावा लागतो. प्रत्येक बंडलासाठी एक जाहीरनामा, एक नोंद, एक सही.

निकाल काय लागला? सुमारे १४४ कोटींच्या मोठ्या नोटा बाहेर होत्या. १९४७ अखेरपर्यंत त्यातल्या जवळपास १३५ कोटींच्या बदलून गेल्या. परत आल्या नाहीत त्या फक्त नऊ कोटींच्या. नंतर देशमुखांनीच एका व्याख्यानात सांगितलं, की ही नोटबंदी कमी आणि कमी-जास्त नफ्यातोट्यानं झालेली अदलाबदलच जास्त होती. ज्यांच्याकडे नोटा होत्या त्यांनी दलालाला सूट देऊन त्या खपवल्या आणि बँकेच्या काउंटरवर शेवटी भलताच माणूस उभा राहिला.

तरीही बँकांचं काम कोलमडलं नाही. कारण अगदी साधं आहे. १९४६ साली ५०० ची नोट म्हणजे काय? सामान्य माणसानं ती आयुष्यात पाहिलेली नसायची. रद्द झालेल्या नोटा एकूण चलनाच्या आठव्या-नवव्या हिश्शाएवढ्या होत्या आणि त्या मोठ्या शहरांत, मोठ्या पेढ्यांवर, संस्थानिकांकडे होत्या. कुठल्याही तालुक्याच्या गावी दुसऱ्या दिवशीचा बाजार नेहमीसारखा भरला असेल.

१९७८ : दिल्लीला बोलावणं आलं

१९७८ ची गोष्ट सांगताना मला नेहमी मजा वाटते. १४ जानेवारीला रिझर्व्ह बँकेच्या मुंबईतल्या मुख्य कार्यालयातले वरिष्ठ अधिकारी आर. जानकीरामन यांना दिल्लीहून फोन आला. ताबडतोब या. कशासाठी? परकीय चलनाच्या कामासाठी, असं सांगितलं. ते एका सहकाऱ्याला घेऊन गेले. तिथे पोहोचल्यावर कळलं, की मोठ्या नोटा रद्द करायच्यात आणि वटहुकूमाचा मसुदा एका दिवसात हवाय. मुंबईच्या कार्यालयाशी बोलायचंही नाही, बातमी फुटेल. त्यांनी काय मागितलं असेल? १९४६ च्या वटहुकूमाची प्रत! तीच समोर ठेवून नवा मसुदा तयार झाला. १६ तारखेला पहाटे राष्ट्रपतींची सही झाली आणि सकाळी नऊच्या बातम्यांत आकाशवाणीनं जाहीर केलं.

पंतप्रधान मोरारजी देसाई, अर्थमंत्री एच. एम. पटेल. रद्द केल्या १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा. गव्हर्नर आय. जी. पटेल यांना हे मुळीच पटलेलं नव्हतं. काळा पैसा कुणी उशीत आणि सुटकेसमध्ये नोटांच्या रूपात भरून ठेवत नाही, असं त्यांचं मत होतं आणि त्यांनी ते आठवणींत लिहूनही ठेवलं. पुन्हा तेच. ठरवलं दिल्लीनं, राबवलं बँकेनं.

१७ जानेवारीला बँका बंद ठेवल्या. त्यानंतर नोटा बदलायला मिळाले जेमतेम दोन-तीन दिवस. मुंबईत रिझर्व्ह बँकेसमोर रांगा लागल्या. पण आकडा बघा. एकूण १४६ कोटी, म्हणजे चलनाच्या दोन टक्क्यांहूनही कमी. बँकांच्या रोजच्या कामावर ओरखडासुद्धा उमटला नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून १९७८ वर मी इथेच थांबतो.

मधे एक छोटी आठवण करून देतो, जी जवळपास सगळे विसरलेत. जानेवारी २०१४ मध्ये रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं होतं, की २००५ पूर्वी छापलेल्या सगळ्या नोटा परत घेणार. ज्या नोटांच्या मागे छपाईचं वर्ष नाही त्या. मुदत दिली, पुन्हा वाढवली, पुन्हा वाढवली. नोटा वैधच राहिल्या. लोक बँकेत आले-गेले, त्यात त्या नोटा हळूहळू जिरल्या. एकही रांग लागली नाही. तुमच्यापैकी किती जणांना हे आठवतंय? नसेल आठवत, तर ते काम चांगलं झालं म्हणून.

२०१६ : २,४०० कोटी कागद

आता मंगळवार, ८ नोव्हेंबर २०१६. ५०० आणि १००० च्या नोटा रद्द. मूल्य १५ लाख ४१ हजार कोटी रुपये, चलनातल्या नोटांच्या मूल्याच्या सुमारे ८६ टक्के. हे आकडे सगळ्यांना पाठ आहेत. मला मात्र रुपयांपेक्षा नगांचा हिशोब महत्त्वाचा वाटतो, कारण बँक रुपये मोजत नाही, नग मोजते.

५०० च्या सुमारे १,७१६ कोटी नोटा आणि १००० च्या सुमारे ६८५ कोटी. मिळून २,४०० कोटी. शंभर नोटांचं एक पॅकेट, दहा पॅकेटांचं एक बंडल. म्हणजे २ कोटी ४० लाख बंडलं. ही प्रत्येक नोट कुणाच्या तरी खिशातून काउंटरवर यायची, मोजायची, खरी-खोटी पाहायची, बांधायची, शाखेच्या तिजोरीत ठेवायची, गाडीतून चेस्टला न्यायची आणि तिथे रिझर्व्ह बँकेनं पुन्हा यंत्रावर तपासून नष्ट करायची. हे पन्नास दिवसांत गोळा करायचं होतं. आणि देशभरातल्या करन्सी चेस्ट होत्या चार हजारांच्या आसपास.

आता उलट बाजू. २०१५-१६ या अख्ख्या वर्षात, दहाच्या नोटेपासून हजारच्या नोटेपर्यंत सगळ्या मिळून, छापखान्यांनी सुमारे २,१०० कोटी नोटा पुरवल्या होत्या. म्हणजे एका रात्रीत रद्द केलेले नग हे देशाच्या वर्षभराच्या छपाईपेक्षा जास्त होते. नाशिक, देवास, म्हैसूर, सालबोनी हे चार छापखाने रात्रंदिवस चालवले तरी ही भरपाई महिन्या-दोन महिन्यांत होणं शक्यच नव्हतं. २,००० ची नोट काढली ती म्हणूनच. कमी नगांत जास्त मूल्य भरून काढता येतं. पण ती नोट घेऊन भाजीवाल्याकडे गेलेल्या माणसाला सुटे कोण देणार, याचं उत्तर त्या गणितात नव्हतं.

एटीएमची कथा तर माहीतच आहे. नवी २,००० ची नोट जुन्या ५०० आणि १००० पेक्षा आकारानं लहान. एटीएमच्या आत नोटांच्या कॅसेट असतात, त्या नोटेच्या मापाच्या असतात. म्हणजे देशातल्या दोन लाखांहून जास्त यंत्रांपाशी माणूस पाठवून कॅसेट जुळवायच्या. जे यंत्र बँकेचा काउंटरवरचा भार हलका करण्यासाठी पंधरा-वीस वर्षं खपून बसवलं, तेच नेमकं गरजेच्या आठवड्यांत बंद. सगळा भार परत काउंटरवर.

१० डिसेंबरपर्यंतचा रिझर्व्ह बँकेचा हिशोब आहे. जुन्या नोटांतले १२ लाख ४४ हजार कोटी बँकांत आले होते, आणि नव्या-जुन्या वैध नोटांत बँकांनी लोकांना दिले होते ४ लाख ६१ हजार कोटी. जवळपास पावणेतीन रुपये आत, एक रुपया बाहेर. त्या महिन्यात बँक नावाचं यंत्र फक्त एकाच दिशेनं फिरत होतं.

आणि नियम! आधी ४,००० बदलून मिळतील, मग ४,५००, मग २,०००, मग बदलणंच बंद. बोटाला शाई लावायची. लग्न असेल तर अडीच लाख, पण पत्रिका दाखवा. १९ डिसेंबरला तर कमाल झाली. ५,००० च्या वर जुन्या नोटा भरायच्या तर एकदाच, आणि आधी का भरल्या नाहीत हे बँकेच्या दोन अधिकाऱ्यांसमोर सांगायचं, त्याची नोंद ठेवायची. दोन दिवसांत हा नियम मागे घेतला. पण ते दोन दिवस काउंटरवर कुणीतरी काढलेच ना? माझ्या ओळखीतले एक निवृत्त कॅशियर म्हणतात, ‘नोटा मोजायचा त्रास नव्हता हो, ते आमचं कामच. सकाळचं परिपत्रक दुपारी बदलायचं आणि लोक आमच्याकडे चोर असल्यासारखं बघायचे, त्याचा त्रास होता.’

आता कार्यक्षमतेकडे येऊ. कागदावर पाहिलं तर बँकांची चांदी झाली असं वाटेल. घरोघरी पडलेला पैसा बचत आणि चालू खात्यांत आला. स्वस्त ठेवी, ज्यांच्यासाठी एरवी बँका जाहिराती करतात. जनधन खात्यांतली रक्कम महिन्याभरात सुमारे ४५ हजार कोटींवरून ७४ हजार कोटींवर गेली. रिझर्व्ह बँकेच्याच अभ्यासकांनी नंतर अंदाज काढला, की एरवी आल्या असत्या त्यापेक्षा २.८ ते ४.३ लाख कोटी जास्त ठेवी आल्या. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी स्टेट बँकेनं कर्जाचा आधारदर ०.९० टक्क्यांनी खाली आणला. कर्जदारांसाठी ही खरीच चांगली बातमी होती, ते नाकारू नये.

पण ठेव आली म्हणजे बँकेचं काम झालं का? ठेव ही बँकेच्या डोक्यावरची देणी आहे. तिचं कर्ज झालं तर कमाई. आणि कर्ज घेणार कोण? ज्या कारखानदाराचं गिऱ्हाईक रोकड नाही म्हणून घरी बसलंय, तो नवं यंत्र कशाला घेईल? २०१६-१७ मध्ये बँकांच्या कर्जाची वाढ पाच टक्क्यांच्या आसपास आली, कित्येक दशकांतला नीचांक. सगळा दोष नोटबंदीचा नाही. सरकारी बँका आधीच थकित कर्जांच्या ओझ्याखाली होत्या. पण तोच तर मुद्दा आहे! त्या वर्षी बँकेच्या अधिकाऱ्यानं खरं तर काय करायला हवं होतं? थकबाकीदाराच्या दारात जायचं, तारण तपासायचं, नवं चांगलं कर्जदार गिऱ्हाईक शोधायचं. तो मात्र शटर अर्धं ओढून रांग आवरत होता. आणि लहान कर्जदारांचे हप्ते थांबले म्हणून रिझर्व्ह बँकेला एक कोटीपर्यंतच्या कर्जांना थकित ठरवण्यासाठी आधी साठ, मग आणखी तीस दिवसांची सवलत द्यावी लागली. सवलत योग्यच होती. पण त्यामुळे कोणतं कर्ज खरंच बुडतंय आणि कोणतं नुसतं रोकडीअभावी अडलंय, हे त्या तिमाहीच्या वहीवरून कळेनासं झालं.

एक पंधरवडा तर बँका कधीच विसरणार नाहीत. इतका पैसा आत आला, की त्याचं करायचं काय हा प्रश्न रिझर्व्ह बँकेलाही पडला. २६ नोव्हेंबरला तिनं सांगितलं, की १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबर या काळात वाढलेल्या ठेवींची शंभर टक्के रक्कम आमच्याकडे राखीव ठेवा. या राखीव रकमेवर व्याज शून्य. बँक मात्र खातेदाराला बचत खात्यावर चार टक्के देणार. दोन आठवड्यांनी, १० डिसेंबरपासून, हे मागे घेतलं आणि त्याऐवजी सरकारी रोख्यांची सोय वाढवली. पुढे जुलै २०१७ मध्ये स्टेट बँकेनं एक कोटीपर्यंतच्या बचत ठेवींवरचं व्याज चारवरून साडेतीन टक्क्यांवर आणलं. ज्यांनी रांगेत उभं राहून पैसे भरले, त्यांच्याच व्याजातून हा हिशोब जुळवला गेला असं मी म्हणतो. तुम्हाला हे कडक वाटेल, पण मला तसंच वाटतं.

रिझर्व्ह बँकेचंही तेच. नोटा छापायचा तिचा खर्च वर्षात ३,४२१ कोटींवरून ७,९६५ कोटींवर गेला. सरकारला दिलेली शिल्लक ६५,८७६ कोटींवरून ३०,६५९ कोटींवर उतरली. आणि परत आलेल्या नोटा मोजून अंतिम आकडा सांगायला ऑगस्ट २०१८ उजाडला. १५ लाख ३१ हजार कोटी, म्हणजे ९९.३ टक्के.

फायदा काहीच नाही का? आहे. दुकानांतली कार्ड यंत्रं पंधरा लाखांच्या आसपास होती, ती मार्च २०१७ पर्यंत पंचवीस लाखांच्या घरात गेली. लोकांना मोबाइलवरून पैसे पाठवायची सवय लागली. पण यूपीआय नोटबंदीच्या आधीच, एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालं होतं. ते वाढलं त्याचं बरंचसं श्रेय स्वस्त इंटरनेटला आणि ते फुकट असण्याला आहे. आणि रोकड? मार्च २०२२ पर्यंत ती ३१ लाख कोटींवर गेली. कॅशियरचं काम काही कमी झालं नाही.

जिल्हा बँक

आता ज्याच्यासाठी हा भाग करायचा ठरवला, तिथे येतो. ‘बँकांचं काय झालं’ असं आपण म्हणतो तेव्हा सगळ्या बँका एकाच तराजूत टाकतो. पण नोटबंदीचा भार सगळ्यांवर सारखा पडला नाही. जी बँक रोकडीच्या जितकी जवळ, तिला तितका जास्त. आणि महाराष्ट्रात रोकडीच्या सगळ्यात जवळची बँक म्हणजे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक.

आपल्या राज्यात अशा ३१ बँका. शहरात राहणाऱ्या श्रोत्यांसाठी सांगतो, गावात बँक म्हटलं की हीच. पीककर्ज राज्य सहकारी बँकेकडून जिल्हा बँकेकडे, तिथून गावच्या विकास सोसायटीकडे, तिथून शेतकऱ्याकडे. उसाचं बिल इथेच जमा, दुधाचं बिल इथेच, बऱ्याच ठिकाणी झेडपीच्या शिक्षकांचा पगारही इथेच.

१० नोव्हेंबरला बँका उघडल्या तेव्हा या बँकांनीही जुन्या नोटा घ्यायला सुरुवात केली. चार-पाच दिवस घेतल्या. १४ नोव्हेंबरला आदेश आला, जिल्हा बँकांनी जुन्या नोटा घ्यायच्या नाहीत, बदलायच्याही नाहीत. कारण? या बँकांत खातेदाराची ओळख नीट तपासली जात नाही, पुढाऱ्यांचा काळा पैसा इथून पांढरा होईल. आता खरं बोलू. ही शंका हवेतून आलेली नव्हती. संचालक मंडळावर कोण बसतं, कर्ज कुणाला मिळतं, हे प्रत्येक जिल्ह्यात सगळ्यांना माहीत असतं. पण तपासणीचा अधिकार नाबार्डकडे होताच. शंका असलेली खाती तपासता आली असती, आणि नंतर ती तपासलीही. मधल्या काळात अडकला तो रब्बीच्या पेरणीला निघालेला माणूस. त्याचे पैसे खात्यावर होते, हातात नव्हते. या बँकांकडे स्वतःच्या करन्सी चेस्ट जवळपास नसतातच. नव्या नोटांसाठी दुसऱ्या व्यापारी बँकेच्या चेस्टकडे हात पसरायचा, आणि तिच्या दारात तिचीच रांग. नोव्हेंबरच्या शेवटी नाबार्डमार्फत जिल्हा बँकांना २१ हजार कोटी देण्याची घोषणा झाली. पण घोषणा करणं वेगळं आणि शाखेत पाकीट पोहोचणं वेगळं.

आणि त्या चार-पाच दिवसांत घेतलेल्या नोटांचं काय? त्या पडून राहिल्या. रिझर्व्ह बँक त्या लगेच घेईना. महिनोन्‌महिने. शेवटी जून २०१७ मध्ये अर्थ मंत्रालयानं परवानगी दिली, २० जुलैपर्यंत जमा करा म्हणून. म्हणजे सात महिने. मघाशी मेलेला पैसा म्हटलं ना, तो हिशोब इथे लावू. समजा एका बँकेकडे अशा १०० कोटींच्या जुन्या नोटा अडकल्यात. खातेदाराच्या पासबुकात ते १०० कोटी जमा दिसतायत, त्यावर चार टक्क्यांनी व्याज द्यायचंच. सात महिन्यांचं होतं २ कोटी ३३ लाख. कमाई शून्य. वर पहारेकरी, विमा, तिजोरीतली अडलेली जागा. एखादी सशक्त बँक हे पचवेल. पण ज्या जिल्हा बँका आधीच कशाबशा उभ्या होत्या, त्यांच्यासाठी हा वर्षाचा नफा होता. शिवाय २०१७ च्या खरिपाच्या तोंडावर कर्जाला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न उरलाच. त्याच जूनमध्ये राज्य सरकारनं शेतकऱ्यांना दहा हजारांची तातडीची उचल द्यायला सांगितलं, तेव्हा जिल्हा बँकांचं उत्तर होतं, की आमची रोकड जुन्या नोटांत अडकलीये.

यातही एक उपप्रश्न राहिला. परवानगी मिळाली ती १० ते १४ नोव्हेंबरच्या काळात खातेदारांकडून घेतलेल्या नोटांना. पण ८ नोव्हेंबरला संध्याकाळी शाखा बंद करताना तिजोरीत जी रोजची शिल्लक होती, तिचं काय? तिच्यातल्याही ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्याच होत्या. राज्यातल्या आठ जिल्हा बँकांकडे अशा मिळून शंभर कोटींहून जास्त रकमेच्या नोटा उरल्या. पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक, नगर ही त्यातली काही नावं. २०१८ च्या सुरुवातीला नाबार्डनं सांगितलं, की ही रक्कम तोट्यात दाखवा. बँका न्यायालयात गेल्या. लक्षात घ्या, हा कुणी लपवलेला पैसा नव्हता. त्या दिवशीच्या कॅशबुकात लिहिलेली, कॅशियर आणि अधिकाऱ्याची सही असलेली, नेहमीच्या व्यवहाराची शिल्लक होती. १९४६ मध्ये बँकांकडून त्याच दिवशीचं विवरण मागून घेतलं होतं, ते आठवा. संशयापोटी का होईना, पण बँकेच्या तिजोरीत किती होतं याची नोंद त्या दिवशीच झाली. सत्तर वर्षांनी नोंद होती, पण ती मानायला कुणी तयार नव्हतं.

२०२३ : दोन हजारची नोट

शेवटचा टप्पा थोडक्यात. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेनं २,००० ची नोट परत घ्यायचं जाहीर केलं. ३ लाख ५६ हजार कोटी, चलनाच्या दहा टक्क्यांच्या थोडं वर. एका वेळी २०,००० पर्यंत बदलून घ्या किंवा खात्यात हवे तेवढे भरा. मुदत ३० सप्टेंबर, मग ७ ऑक्टोबर. आणि मुख्य म्हणजे, नोट वैधच. भाजीवाल्यानं घ्यायला नकार दिला तर तो त्याचा प्रश्न, सरकारनं तिला कागद म्हटलेलं नाही.

शाखांत काय झालं? दोन-चार दिवस गर्दी, पेट्रोल पंपांवर दोन हजारच्या नोटांचा पाऊस, आणि नंतर सगळं शांत. बहुतेक नोटा खात्यांतच भरल्या गेल्या, ९७ टक्क्यांहून जास्त परत आल्या. एटीएम बंद पडले नाहीत, कर्जवाटप थांबलं नाही. चार महिने हाताशी होते, बाकीच्या नोटा बाजारात भरपूर होत्या, आणि नियम रोज बदलत नव्हते. तेच कॅशियर, त्याच शाखा, तीच यंत्रं.

आणि त्या आठ जिल्हा बँकांच्या तिजोऱ्यांत तेव्हाही जुन्या नोटांची बंडलं होती. वाळवी लागू नये म्हणून त्यांना धूर द्यावा लागतो की नाही हे मी एका शाखाधिकाऱ्यांना विचारलं, तर ते नुसते हसले. म्हणाले, ‘वर्षातून एकदा ऑडिटर येतो, मोजतो, आणि आम्ही परत ठेवतो.’

तर इतकंच आज. पुढच्या भागात नाशिक रोडच्या नोटांच्या छापखान्याचा इतिहास घेऊन येतोय, १९२८ पासूनचा. तुमच्या घरात कुणी तिथे काम केलं असेल तर नक्की कळवा, त्यांच्याकडून ऐकायला आवडेल. भेटू.